सुईवाली म्हणाली, काही नाही

बायकांच्या तोंडात दोन शब्द कायमचे मुक्कामाला आहेत. काही नाही. चेहरा पांढराफटक पडलेला असो, हातातला कप बशीवर वाजत असो, काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं. काही नाही. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं, नाहीतर त्याला खाली बसून ऐकावं लागेल. आम्ही बायका दर आठवड्याला जमतो त्या खोलीत मी हे दोन शब्द बंद केले आहेत. जी म्हणेल तिने सगळ्यांचा चहा करायचा. सुरुवातीला आम्ही चहा पिऊन पिऊन आडव्या व्हायच्या बाकी होतो.

जिची ही गोष्ट आहे, तिने एकटीने सगळ्यांत जास्त चहा केला.

कारखान्यात तिला सुईवाली म्हणत. सुया विकायची म्हणून नाही. कारखाना तान्ह्या बाळांच्या कपड्यांचा. झबली, बंड्या, पायमोजे जोडलेले पायजमे. तिथला नियम असा, की मशीनवर सुई मोडली की मशीन जागच्या जागी बंद, आणि मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधून सुईवालीच्या खिडकीशी न्यायचे. दांडा, नेढं, टोक. खिडकी म्हणजे काय, लोखंडी जाळीचं कपाटाएवढं खोकं. आत एक स्टूल, एक दिवा आणि ही. ती तुकडे पांढऱ्या कागदावर मांडायची, शेजारी अख्खी सुई ठेवायची आणि जुळतंय का बघायची. जुळलं तर तुकडे चिकटपट्टीने कागदावर डकवायचे आणि नवी सुई द्यायची. केसाएवढा तुकडा कमी असला तरी नाही. मग जमिनीवर चुंबक फिरवायचं, त्या मशीनवर शिवलेला गठ्ठा बाजूला काढायचा, एकेक कपडा झटकायचा, चाचपायचा. कारण शिवणीत राहिलेला तुकडा शेवटी कुठल्या तरी बाळाच्या पोटाशी जाऊन बसणार.

या जागेवर तिला शिट्टीने बसवलं. शिट्टी म्हणजे त्यांचा सुपरवायझर. दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत फिरायचा म्हणून हे नाव, बायकांनीच पाडलेलं. माणूस ओळखण्यात पटाईत. ती आधी मशीनवर होती. शिवलेलं झबलं पुढे देण्याआधी उलटून बघायची, सुलटून बघायची, परत उलटं करायची. तिचं काम तुंबायचं, पुढची बाई वैतागायची. दुसऱ्या कुणी तिला घरी पाठवलं असतं. शिट्टीने जाळीत बसवलं. म्हणाला, "हिची भीती फुकट चाललीय. कामाला लावू."

हे वाक्य तो कौतुकाने सांगायचा. तीही कौतुकानेच सांगायची. मला ते पहिल्यांदा ऐकल्यावर त्याच्या दातांची फट जरा आणखी रुंद करावीशी वाटली.

भीती कामाला लागली, पण सुट्टी झाली म्हणून काही ती कारखान्यात थांबली नाही. बाईबरोबर घरी आली. घरातून निघाली की कोपऱ्यावरून परत फिरायची, गॅस बंद आहे का बघायला. बघून निघाली की कुलूप. कुलूप ओढून बघितलं की पुन्हा गॅस. शेजारची म्हातारी जिन्यात बसून म्हणायची, "आली का गं, अजून एक फेरी राहिलीय तुझी." नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करणारा मिस्तरी, चार माणसांत बोलायला फार गोड. त्याचा ठरलेला विनोद होता. "आमचा गॅस आता स्वतःच सांगतो, बाई, मी बंद आहे, तू जा कामाला." माणसं हसायची. तीही हसायची. हसताना तिचा एक हात पदराचं टोक पिळत असायचा, तो कुणी बघायचं नाही.

लेक शाळेत गेली की हिच्या डोक्यात ट्रकखाली आलेली असायची. ट्रकचा रंगसुद्धा ठरलेला. अँब्युलन्स येऊन गेलेली, नातेवाईक जमलेले, कुणी काय बोललं तेही हिला ऐकू यायचं. आणि पोरगी वर्गात बसून पेन्सिल चावत असायची. घरी आल्यावर आई तिला अशी घट्ट धरायची की पोरगी वैतागून म्हणायची, "आई, मी शाळेतून आलेय, युद्धावरून नाही."

एक दिवस मोडलेल्या सुईचं टोक सापडेना. चुंबक फिरवून झालं, गठ्ठा झटकून झाला. जाळीत बसल्या बसल्या हिच्या छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या, श्वास अर्ध्यावरूनच परत. आपण आता जातोय, एवढंच तिला कळलं. बायकांनी उचलून दवाखान्यात नेली. तिथे छातीला तारा लावल्या, कागद निघाला. डॉक्टर भला माणूस असेल, पण घाईत होता. म्हणाला, "रिपोर्ट चांगला आहे. तुम्हाला काही नाही. जास्त विचार करू नका."

विचार म्हणजे मीठ आहे. पुढच्या वेळी चिमूटभर कमी घाला.

बाहेर बाकावर नवरा बसला होता. त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मी तेच म्हणत होतो." तो उठला. "उगाच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलंस."

सुईचं टोक त्याच दिवशी सापडलं. तिच्याच चिकटपट्टीच्या खालच्या बाजूला चिकटलेलं. ते कळल्यावर कारखान्यात हशा पिकला, आणि शिट्टीने तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. म्हणाला, "टोकासाठी जीव द्यायला निघाली. अशी माणसं पाहिजेत."

तिला आमच्याकडे आणलं उंचाडीने. उंचाडी तिच्याच कारखान्यात मशीनच्या लाइनवर कॉलर जोडायची, उंच, फटकळ, स्वतः एके काळी जिन्यावर पाय ठेवायला घाबरणारी. आमची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खाली हातोडा चालू असतो, वर आम्ही बोलतो, त्यामुळे कुणाचं रडणं रस्त्यावर जात नाही. शिवणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, घरीच असणाऱ्या, सगळ्या प्रकारच्या बायका येतात. आमच्यातली सिस्टर आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती. जे काही मी शिकले ते निम्मं तिच्याकडून आणि निम्मं रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांतून. कुणी मला पदवी विचारली तर मी त्याला जिना दाखवते.

ती दाराशीच बसली. पिशवी मांडीवर, चपला हाताशी. पळायची तयारी ठेवून बसलेली बाई मी लांबून ओळखते.

"काय होतं तुला?" मी विचारलं.

"काही नाही."

"चहा," सगळ्या एकदम म्हणाल्या.

ती गोंधळली. उंचाडीने नियम सांगितला. ती उठली आणि चहा करायला गेली. केला, सगळ्यांना दिला, आणि मग गॅस बंद आहे का बघायला परत आत गेली. आली. बसली. परत गेली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा सिस्टरने तिचा पदर धरला.

"आत्ता काय झालं? खरं सांग."

"वाटलं, राहिला असेल."

"बंद करताना बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"डोळ्यांनी बघितला हो," ती म्हणाली. "पण छाती ऐकत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. तिथे बसलेल्या निम्म्या बायकांची छाती ऐकत नव्हती.

सिस्टरला एक सवय चांगली होती. समोरचीला समजेल असं उदाहरण ती समोरचीच्याच कामातून काढायची. तिने विचारलं, "तुमच्याकडे ते यंत्र असतं ना, कपडे आतून जातात, लोखंड असलं की ओरडतं?"

"आहे ना. शेवटच्या टेबलाला."

"कधी उगाच ओरडतं?"

"किती वेळा. झबल्याला टिचबटण असतं, त्याची पत्र्याची कड जरा जाड असली तरी ओरडतं."

"मग काय करता? यंत्र फोडता? की सगळी झबली जाळता?"

आता ती जरा हसली. "नाही. झबलं बाहेर काढून बघतो. बटण असलं तर बाजूला करून पुढे."

"तुझ्या छातीत तेच यंत्र आहे," सिस्टर म्हणाली. "सगळ्यांच्याच असतं. नसतं तर आपण गाडीखाली गेलो असतो. तुझं मोडलेलं नाही, खोटंही नाही. फक्त फार तिखट झालंय, बटणालाही सुई समजून ओरडतं. ओरडलं की छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, श्वास तोकडा होतो. ती तुझ्या अंगाची पळायची तयारी आहे. मरायची नाही."

"पण वाटतं मरायचीच."

"वाटणारच. वाटू दे. पण लाट चढते तशी उतरते पण. आजपर्यंत तुझी कुठली उतरली नाही, सांग."

तिने बोटांवर मोजून बघितलं, एकही नव्हती. दवाखान्यातल्या कागदाने जे सांगितलं नव्हतं ते तिला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं. तुला काही नाही, असं नाही. तुला काहीतरी आहे, त्याला नाव आहे, आणि त्याच्याशी वागायची रीत आहे.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक नवा प्रश्न आला. बटण का सुई? कुणी म्हणालं नवऱ्याने फोन उचलला नाही, काळजात धस्स झालं, की बाकीच्या विचारायच्या, बटण का सुई? 'असं झालं असेल तर', 'तसं होईल का', हे सगळं बटण. बोट ठेवून दाखवता येईल असं काही हातात असेल, तर सुई. बटणाला श्वास, सुईला पाऊल. म्हणजे बटण असेल तर बसायचं, दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, श्वास आत घ्यायचा आणि त्याहून सावकाश बाहेर सोडायचा, गरम दुधावर फुंकर मारावी तसा. लाट उतरेपर्यंत तिच्याशी भांडायचं नाही, पळायचंही नाही. आणि सुई असेल तर श्वास घेऊन बसून राहायचं नाही, उठायचं.

गॅसचं तिच्यापुरतं एक ठरलं. बंद करताना एकदाच बघायचं, खटका बोटाखाली लागला की तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "बघितला." आणि निघायचं. कोपऱ्यावर छाती ओरडली तरी परत फिरायचं नाही. कोपऱ्यावरच उभं राहायचं, ओरडू द्यायचं.

वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर विजेच्या खांबाला धरून उभी राहिली आणि घामाने ब्लाउज भिजला. येणारे जाणारे बघत होते. शेजारच्या म्हातारीने जिन्यातून विचारलं, "आज फेरी नाही का गं?" ती तिथूनच ओरडली, "नाही. आज बघितला." रडतच कामावर गेली, पण गेली. तरीही छातीचं ऐकावंच लागे असे दिवस यायचे, तेव्हा सिस्टरने तिला ओळखीच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी काही दिवस गोळी दिली. नणंदेने नाक मुरडलं, "आता हेच राहिलं होतं." सिस्टर तिला म्हणाली, "तुमच्या चष्म्याला कुणी नाक मुरडतं का?" नणंदेने चष्मा पुसून परत लावला आणि विषय बदलला.

मग हळूहळू बदल दिसायला लागला. चपला दाराबाहेर काढायला लागली. लेक सहलीला गेली तेव्हा तिने एकच फोन केला, आणि तोही विसरलेल्या डब्यासाठी. पोरगी आमच्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, आई आता धरते तेव्हा श्वास घेता येतो." नव्या बायकांना आता तीच शिकवायची. एखादी म्हणाली काही नाही, की ही शांतपणे आतल्या खोलीकडे बोट दाखवायची. "पातेलं डाव्या हाताला आहे."

हे सगळं चांगलं झालं. आता जे चांगलं झालं नाही ते सांगते.

भीती कमी झाल्यावर ती वेळेवर घरी जायला लागली. आधी सुट्टीची घंटा झाली तरी ती जाळीत बसून दिवसभराचे तुकडे पुन्हा लावून बघायची. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी थांबवलेलंही नव्हतं. आता ती तुकडे एकदा जुळवायची, "बघितलं" म्हणायची, दिवा बंद करून उठायची. काम तेच, नीट तेवढंच. पण शिट्टीला ते खटकलं.

"हल्ली लवकर निघता."

"घंटेला निघते."

"पूर्वी तुम्ही असं करत नव्हता."

"पूर्वी मला बरं नव्हतं," ती म्हणाली. आणि तिच्यात नवा आलेला अभिमान तिला गप्प बसू देईना, म्हणून पुढे सांगून बसली. काळजीचा त्रास होता, डॉक्टरीणबाईंकडे गेले, गोळी घेतली, बायकांच्या खोलीत जाते, आता बरी आहे. खोलीत आम्हीच तिला शिकवलं होतं, लाजायचं नाही. खोलीत ते खरं आहे. कारखान्यात ते हत्यार आहे, आणि ते तिने स्वतःच्या हाताने, मूठ पुढे करून, शिट्टीला दिलं.

शिट्टी फक्त म्हणाला, "असं होय." आणि शिट्टी वाजवत गेला.

मग मोठा माल जायच्या दिवसांत सुई मोडली. पातळ सुई, तान्ह्यांच्या मऊ कापडाची. मशीनवरच्या पोरीने दांडा आणला, नेढ्याचा अर्धा भाग आणला. टोक नव्हतं. पोरगी नवी होती. सुई मोडल्यावर सांगायच्या आधी तिने घाबरून शिवलेला गठ्ठा पुढे सरकवला होता. चुंबक फिरलं. मिळालं नाही. गठ्ठा तोवर दुसऱ्या गठ्ठ्यांत मिसळला होता. म्हणजे आता नियमाने त्या टेबलावरचा सगळा माल थांबवायचा, उलगडायचा, एकेक शिवण चाचपायची.

शिट्टी गेला आणि परत आला. तळहातावर एक टोक. "हे घ्या. मशीनच्या खाली होतं."

तिने ते कागदावर ठेवलं. दिवा खाली ओढला. टोक जाड होतं. शेजारच्या लाइनवर जाड पट्ट्या शिवतात, त्या सुईचं. तुटलेल्या दोन कडा समोरासमोर आणल्या तरी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

"हे या सुईचं नाही," ती म्हणाली.

"टोक ते टोक. लावा चिकटपट्टी, द्या नवी सुई."

"साहेब, हे जाड आहे. हे तुम्ही दुसरीकडून आणलंय."

आजूबाजूची मशीनं चालू होती, पण मान खाली घातलेल्या बायकांचे कान वर झाले होते. शिट्टी जाळीला वाकला, आवाज गोड केला. "ताई, तुम्हाला परत व्हायला लागलंय का? गोळी घेतलीत ना आज?"

तिने नंतर मला सांगितलं, त्या क्षणी छाती खरंच धडधडायला लागली. जातं परत आलं. तिने काय करावं? जे शिकली ते. पाय टेकवले. श्वास सोडला. स्वतःला विचारलं, बटण का सुई? समोर कागदावर उत्तर पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची छाती आणि तिचे डोळे एकच गोष्ट सांगत होते.

"माल थांबवा," ती म्हणाली. "टोक आत आहे."

शिट्टीने माल थांबवला नाही. यंत्रातून काढतो म्हणाला. तिला माहीत होतं की त्या आठवड्यात यंत्राचा तिखटपणा कमी करून ठेवला होता, टिचबटणांवर सारखं ओरडतं म्हणून. तिने तेही सांगितलं. मोठ्याने, सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं. शिट्टीने हाताची घडी घातली आणि बायकांकडे बघून म्हणाला, "बघा, आपण सांभाळून घ्यायला पाहिजे. आजारी आहेत." तिने बायकांकडे बघितलं. उंचाडी उठायला लागली होती, तिच्या शेजारणीने तिला हाताला धरून खाली बसवलं. बाकीच्यांच्या माना मशीनवर. ज्या माना आमच्या खोलीत येऊन माझ्या खांद्यावर रडतात, त्यातल्याही दोन त्यांत होत्या. त्यांची भीती मला कळते. तरीही मी ते विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिसवाल्या बाई सभ्य. पाणी दिलं, पंखा वाढवला. म्हणाल्या, "आम्हाला तुमची काळजी वाटते. सुईचं काम ताणाचं आहे. तुम्ही तब्येतीसाठी सोडताय असं आपण म्हणू. दुसरीकडे विचारलं तर आम्ही चांगलंच सांगू. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मला काही झालेलं नाही."

"ताई, त्यात लाज कसली? आजकाल सगळ्यांना असतं."

"मला होतं. आता नाही. काल जे झालं ते मला नाही झालं, मालाला झालं. झबल्यात टोक आहे."

बाईंनी शिट्टीकडे बघितलं. शिट्टीने भुवया उचलल्या, बघा, म्हटलं होतं ना, अशा.

"मला काही नाही झालं," ती पुन्हा म्हणाली. "खरंच काही नाही."

आयुष्यभर ही बाई खोटं बोलत आली. गॅस बघायला कोपऱ्यावरून परत फिरताना, छातीवर जातं असताना म्हणाली काही नाही, आणि आख्ख्या जगाने विश्वास ठेवला. नवऱ्याने ठेवला, डॉक्टरने ठेवला, शिट्टीने तर त्यावर कारखाना चालवला. आणि ज्या दिवशी ते दोन शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा खरे निघाले, त्या दिवशी कुणालाही ते पटले नाहीत.

ती हो म्हणाली नाही. त्यांनी तिला तरीही काढलं. कारण म्हणून तब्येतच सांगितली.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. या वेळी विनोद केला नाही, ते जास्त वाईट. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुला तसं वाटलं असेल गं. परत त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ." तिने तो हात उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

मी कारखान्याच्या दारावर गेले. मला ओळखणारे म्हणतील, गेलीच असणार. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, मी बाहेरून जे बोलायचं ते बोलले. शिट्टी खिडकीत आला, ऐकलं आणि खिडकी लावली. माल आधीच गेला होता. कामगारांच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयातही मी तिला घेऊन गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "यांना मानसिक त्रास होता म्हणता ना?" मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्याचा उपयोग एवढाच झाला, की टेबलावरचा चहा सांडला.

नंतरच्या बैठकीला ती आली तेव्हा पुन्हा दाराशी बसली. पिशवी मांडीवर. चपला मात्र तिने बाहेर ठेवल्या होत्या, ते मी बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "एक विचारू? दिवसभर ते टोक डोळ्यांसमोर येतं. कुठल्या तरी बाळाला कुणीतरी ते झबलं घालतंय. हे बटण का सुई?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. खोटं सांगणं सोपं होतं. यंत्राने पकडलं असेल, कुणीतरी बघितलं असेल, सोड आता. आम्ही आठवड्याच्या आठवड्याला बायकांना हेच तर सांगतो, सगळं आपल्याला कळणार नाही, न कळण्यासकट जगायला शिका. पण हे न कळणं तिच्या डोक्याने तयार केलेलं नव्हतं. हे शिट्टीने केलं होतं आणि तिच्या छातीत ठेवून दिलं होतं.

"सुई," मी म्हणाले.

"मग श्वास घेऊन काय करू?"

खाली हातोडा चालला होता. सिस्टर म्हणाली, "श्वास तुझ्यासाठी. सुईसाठी आम्ही बाकी सगळ्या." ते बरोबर होतं. पुरेसं नव्हतं.

ती आता घरीच कपडे दुरुस्त करून देते. गॅस एकदाच बघते. लेकीला एकटीने पाठवते. आजाराचं म्हणाल तर ती बरी आहे.

मध्यंतरी आम्ही दोघी बाजारातून येत होतो. कपड्यांच्या एका दुकानाबाहेर फळीवर तान्ह्यांच्या झबल्यांचा ढीग होता. ती थांबली. वरचं झबलं उचललं, उलटं केलं, आणि डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवायला लागली. काखेपासून खाली, मग गळ्याभोवती. ठेवलं. दुसरं घेतलं. घाई नव्हती, एकदा बघितलेलं ती परत उचलत नव्हती. तिसरं. चौथं.

दुकानदार बाहेर आला. "बाई, काय शोधताय? बाळ केवढं आहे?"

"काही नाही," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं, नियम आठवून. मी चहाचं काही बोलले नाही. पिशवी खाली ठेवली, ढिगाच्या दुसऱ्या बाजूचं झबलं उलटं केलं आणि बोट लावलं.